गाळातला धातू जातो कुठे?

मागच्या अंकात मी नागपूरच्या तलाव-नाल्यांच्या गाळाबद्दल थोडं लिहिलं होतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, आर्सेनिक हे जड धातू पाण्यात नावापुरते सापडतात आणि तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठत राहतात, एवढाच त्यातला मुद्दा होता. (आर्सेनिक काटेकोरपणे पाहिलं तर पुरता धातू नाही, पण त्याचा त्रास त्याच जातीचा, म्हणून तेही याच रांगेत.) त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यांनाच दिला आहे. ज्यांचं पोट, पीक किंवा लेकरं या पाण्याशी बांधलेली आहेत, त्यांची पत्रं आधी घेतली.

माझी सगळी नोकरी पाण्याचे आणि मातीचे नमुने तपासण्यात गेली. त्यातून एक सवय लागली आहे, ती आधीच सांगते. धातू कुजत नाही, सडत नाही, जिवाणू त्याला खाऊन संपवत नाहीत. त्यामुळे कुणी सफाईचा उपाय सांगितला की मी पहिलं हेच विचारते: मग तो धातू गेला कुठे? खालच्या सगळ्या उत्तरांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल, कारण तो टाळून एकही उत्तर देता येत नाही.

प्रश्न: ताई, पारडीच्या पुढं नाग नदीच्या काठाला आमची दोन एकर वाडी आहे. सासऱ्यांच्या काळापासून नदीचं पाणी मोटारीनं घेतो. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), वांगे लावतो, पहाटे माल कळमन्याला जातो. आता गिऱ्हाईक तोंडावर म्हणते की तुमच्या भाजीत जहर आहे. घरचे पोट्टेही हीच भाजी खातात. भाजी बंद करावी का? बंद केली तर खावं काय?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी हे सांगते की हा दोष तुमचा नाही. शहराचं सांडपाणी तुमच्या मोटारीपर्यंत येतं ते तुम्ही सोडलेलं नाही.

नाग नदीत उन्हाळ्यात जे वाहतं ते बहुतांश सांडपाणीच असतं. त्यातून आज-उद्या होणारा त्रास म्हणजे जंतूंचा: जुलाब, कावीळ, जंत. धातूंचा त्रास सावकाश, वर्षांच्या हिशोबाने होतो. गॅरेजचं धुणं, बॅटरीची दुरुस्ती, मुलामा देणारी छोटी दुकानं, रंग, रस्त्यावरची धूळ, सगळं पावसाबरोबर नाल्यात येतं. त्यातलं थोडं थोडं तुमच्या मातीत उतरतं.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: आपली काळी माती. तिच्यात चिकणमाती भरपूर, चुनखडीचे खडे असतात, आणि ती अल्कधर्मी असते. अशी माती शिसं, जस्त, कॅडमियम घट्ट धरून ठेवते, पिकाच्या मुळांना सहजासहजी देत नाही. कोकणातल्या आंबट लाल मातीला एवढं जमत नाही. पण धरून ठेवण्यालाही मर्यादा असते, आणि माती जेवढं धरते तेवढं ती साठवतही जाते.

आता पिकांचं. शिसं मुळाशीच अडकतं, पानात फार चढत नाही. पालेभाजीवर सापडणारं शिसं बरंचसं पानाला चिकटलेल्या मातीचं आणि धुळीचं असतं. म्हणून तोडणी झाल्यावर भाजी नदीच्या पाण्यात बुडवून ताजी करण्याची जी रीत आहे, ती आजपासून बंद करा. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुवा, आणि पालकाचा मातीतला बुडखा कापूनच जुडी बांधा. कॅडमियमचं तसं नाही. ते पानाच्या आत चढतं, धुऊन जात नाही. पालक त्याला सगळ्यांत जास्त ओढतो, इतर पालेभाज्याही कमी-जास्त ओढतात. वांगं, टमाटर, भेंडी, चवळीच्या शेंगा यांत ते बरंच कमी उतरतं, कारण फळापर्यंत पोचेस्तोवर झाड त्याला खोडात-पानात अडवतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पालेभाजीसाठी किलोमागे शिसं ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. तुमची भाजी या रेषेच्या खाली आहे की वर, ते तपासल्याशिवाय ना तुमचं गिऱ्हाईक सांगू शकतं, ना मी.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. नदीच्या अगदी लगतचा, दर पावसाळ्यात गाळ चढतो तो पट्टा झेंडू, शेवंती, गुलाबाला दिला असता. दसरा-दिवाळीला सीताबर्डीच्या फुलबाजारात झेंडूला गिऱ्हाईक असतंच. मधल्या पट्ट्यात वांगं, भेंडी, चवळी. आणि पालक-सांबार विहिरीच्या पाण्यावर, नदीपासून सगळ्यांत लांबच्या वाफ्यात. पण त्या विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्या, नदीलगतच्या विहिरीत नदीच झिरपते. शेणखत भरपूर घाला, त्यातला कुजलेला सेंद्रिय भाग धातूला बांधतो. चुना घालायची आपल्या जमिनीला गरज नाही. जस्त कमी असेल, आणि काळ्या जमिनीत ते पुष्कळदा कमी असतं, तर झिंक सल्फेट दिल्याने कॅडमियमलाही आळा बसतो, कारण मुळाच्या दारात दोघांची चढाओढ असते. मात्र माती तपासून, मगच.

आणि मातीची तपासणी करायला द्याल तेव्हा तोंडाने सांगा की शिसं आणि कॅडमियमही पाहा. नेहमीच्या माती-पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात, हे दोन धातू नसतात.

प्रश्न: आमच्या वस्तीजवळचा तलाव गाळाने भरला आहे. माझं मत स्पष्ट आहे: उन्हाळ्यात पाणी सोडून द्यावं, तलाव कोरडा करावा, पोकलेन लावून सगळा गाळ उचलावा आणि शेतकऱ्यांना फुकट द्यावा. गाळही जाईल, धातूही जाईल. यात चूक काय? — एक निवृत्त वाचक, दक्षिण नागपूर

काका, तुमच्या तळमळीबद्दल आदर ठेवून सांगते, यात दोन ठिकाणी धोका आहे, आणि दोन्ही ठिकाणं नीट पाहण्यासारखी आहेत.

तलावाच्या गाळात प्लास्टिकचा पाइप उभा खुपसून, वरचं तोंड बंद करून तो बाहेर काढला की गाळाची कांडी निघते. शहरातल्या तलावाची कांडी जवळजवळ नेहमी अशीच दिसते: वर बोटाच्या पेरभर तपकिरी, मऊ थर, त्याखाली एकदम काळाकुट्ट, लोण्यासारखा गुळगुळीत गाळ, आणि नाकात जाणारा सडक्या अंड्याचा वास. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. खाली प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात, आणि शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, निकेल त्या सल्फाइडशी बांधले जाऊन न विरघळणारे होतात. विषारी सहासंयुजी क्रोमियमसुद्धा त्या काळ्या गाळात त्रिसंयुजी होऊन बसतं, म्हणजे बरंच निरुपद्रवी. वासाने आपण नाक दाबतो, पण तो काळा थर धातूंना कुलूप लावून बसलेला असतो.

आता त्याच कांडीचा तुकडा वर्तमानपत्रावर पसरून उन्हात ठेवा. काही तासांत कडेने रंग बदलू लागतो, आणि सुकेपर्यंत काळं जाऊन गंजाचा तांबूस रंग येतो. सल्फाइडला हवा लागली, त्याचं सल्फेट झालं, थोडं आम्ल तयार झालं, आणि बांधलेला धातू मोकळा होऊ लागला. अख्खा तलाव एप्रिल-मेमध्ये कोरडा पाडून ठेवला तर हेच मोठ्या प्रमाणावर होतं. मग पहिल्या मृगाच्या सरीबरोबर मोकळा झालेला धातू पाण्यात, नाल्यात, खालच्या गावात. आपल्याकडे चुनखडीमुळे आम्ल बरंचसं जिरतं, म्हणून प्रकार टोकाला जात नाही. पण बिनधोक म्हणावा असाही नाही. आर्सेनिक याच्या उलट वागतं, प्राणवायू संपला की ते सुटतं. म्हणून सगळ्या धातूंना एकच उपाय कधीच लागू पडत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे शेतकऱ्याचं शेत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली, आणि भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांचा गाळ धानाच्या बांधीत टाकायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्या तलावात येते ती शेताची आणि जंगलाची माती. शहरातल्या तलावात येतो नाला. हे दोन गाळ एकाच ट्रॅक्टरमध्ये घालायचे नाहीत. शहराचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकला तर आपण धातूला तलावातून काढून कुणाच्या तरी ताटापर्यंत पोचवला. शेतकरी तो फुकट आहे म्हणून आनंदाने नेईल, म्हणून तर जबाबदारी देणाऱ्याची जास्त.

मग गाळ काढायचाच नाही का? काढायचा, पण आधी कुठे किती आहे ते पाहून. नाल्याच्या तोंडाशी बहुधा सगळ्यांत जास्त साठा असतो. तलावाच्या मधल्या भागात आणि दुसऱ्या काठाला कमी. पाच-सहा ठिकाणच्या कांड्या काढून थराथराची तपासणी केली की नकाशा तयार होतो. जास्त दूषित असेल तेवढाच तुकडा, पाण्यात अडथळ्याचा पडदा लावून, गढूळ पसरू न देता काढायचा, आणि निथळून येणारं पाणी परत तलावात न सोडता त्यावर प्रक्रिया करायची. तो गाळ घातक कचऱ्याच्या व्याख्येत बसला तर त्याची जागा अस्तर घातलेल्या बंदिस्त खड्ड्यात. कमी दूषित भाग जागच्या जागी स्वच्छ वाळू-मातीच्या थराने झाकता येतो. शिशासाठी फॉस्फेट आणि इतर काही धातूंसाठी लाकडी कोळशाची भुकटी मिसळून त्याला आणखी घट्ट बांधता येतं. हे झाकणं-बांधणं लोकांना पटत नाही, डोळ्यांना काही साफ झाल्यासारखं दिसत नाही. पण ‘धातू गेला कुठे’ या प्रश्नाला त्यात निदान खरं उत्तर मिळतं: तो तिथेच आहे, बंद आहे, आणि आम्ही त्यावर लक्ष ठेवून आहोत.

गाळ काढण्याचं काम किती मोठं होऊ शकतं ते जपानच्या मिनामाताने दाखवलं. तिथल्या कारखान्यात पाऱ्यापासून मिथाइल पारा हे विषारी रूप तयार झालं, ते सांडपाण्याबरोबर खाडीत गेलं, आणि माशांतून माणसांत गेलं. आजाराची अधिकृत नोंद १९५६ची. खाडीच्या तळाचा सुमारे १५ लाख घनमीटर गाळ काढायला १९७७ ते १९९० इतका काळ लागला, आणि तो गाळ गेला कुठे? खाडीचाच एक भाग बांध घालून वेगळा केला, त्यात भरला, वरून मातीने झाकला. ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. म्हणजे एवढं सगळं करूनही पारा त्याच गावात आहे, फक्त कोंडलेला.

आणि काका, सगळ्यांत आधी नाल्याचं तोंड. वरून येणं थांबलं नाही तर खालून काढणं दर दहा वर्षांनी पुन्हा करावं लागेल. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरात शिरली, तेव्हा लोकांनी अंगणातून घमेल्याने जो काळा गाळ काढला तो याच पात्रांत साठलेला होता. तो रोज थोडाथोडा येऊन पडत असतो, पुराच्या दिवशी एकदम दिसतो.

प्रश्न: आम्ही मित्र दर रविवारी तलावातली जलपर्णी काढतो. पण जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषते असं वाचलं. मग काढावी की राहू द्यावी? काढलेल्या ढिगाचं खत करून वस्तीतल्या परसबागांना द्यायचा विचार आहे. आणि काठाने वाळा लावावा का? उन्हाळ्यात मुळं कूलरच्या ताट्यांसाठी विकून खर्च निघेल.

तुमच्यासारखी पोरं रविवारची सकाळ अशा कामाला देतात याचं मला फार अप्रूप आहे, म्हणून नीट सांगते.

जलपर्णी धातू शोषते हे खरं आहे. काढताना तिची मुळं निरखून पाहा: काळसर, पिसांसारखी, आणि त्यांवर गंजासारखा बारीक थर. तो लोहाचा थर इतर धातूंनाही पकडतो. बहुतेक धातू त्या मुळांतच असतो, पानांत कमी. पण ती तलावात मेली, कुजली आणि तळाला गेली, की मुळांतला धातू पुन्हा गाळात. ते केर काढून पलंगाखाली लोटण्यासारखं आहे. म्हणून जलपर्णी काढायचीच, हिरवी असताना काढायची, आणि मुळांसकट. काठावर ढीग करून ठेवलात तर पहिल्याच पावसात तिचं पाणी तलावात परत जातं; ढीग लांब, उंचावर, खाली ताडपत्री घालून करा.

परसबागेला ते खत तपासणीशिवाय देऊ नका. जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते सुकलं आणि सेंद्रिय भाग कुजून कमी झाला की धातूचं प्रमाण वाढलेलं दिसतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसं १००, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत. अहवाल त्याखाली आला तरी मी म्हणेन की ते रस्त्याच्या दुभाजकांतल्या बोगनवेलीला, कण्हेरीला द्या, मेथीला नको. जाळू तर अजिबात नका: पारा धुरातून जातो, आर्सेनिकचाही काही भाग जातो, बाकीचा राखेत घट्ट होऊन बसतो. बायोगॅसला देता येते, पण धातू गॅसमध्ये जात नाही, मागे उरलेल्या मळीत राहतो, हे लक्षात ठेवा.

झाडांकडून किती अपेक्षा ठेवायची याचा एक साधा हिशोब मांडून पाहू. एक हेक्टर जमीन, वरचा २० सेंटिमीटरचा थर, म्हणजे अंदाजे २५०० टन माती. धरून चालू की शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमने जास्त आहे. म्हणजे जमिनीत जास्तीचं शिसं झालं २५० किलो. आता वर्षाला १० टन सुका पाला निघाला आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं चढलं, जे बऱ्याच झाडांत चढतही नाही, तर वर्षाकाठी बाहेर येईल १ किलो. अडीचशे वर्षं. कॅडमियमचा साठा मुळातच थोडा असतो आणि काही झाडं ते सहज ओढतात, तिथे हा काळ काही दशकांवर येतो. आर्सेनिकसाठी टेरिस जातीचा नेचा उपयोगी ठरतो, हे २००१ साली समोर आलं. पण ‘झाडं लावली, तीन वर्षांत तलाव शुद्ध’ असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे हा हिशोब मागा.

झाडांचं खरं बळ दुसरीकडे आहे: मातीला आणि गाळाला जागेवर धरण्यात. पाणकणीस, कर्दळ, वाळा हे त्यात पटाईत. आपल्या नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे: खडीच्या वाफ्यात अशी पाणवनस्पती लावायची आणि सांडपाणी खडीच्या आतून, वर न दिसता, हळूहळू जाऊ द्यायचं. सांडपाण्यातली घाण आणि नत्र त्यात छान कमी होतं, वीजही फारशी लागत नाही. तुमच्या तलावाला येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी असा वाफा असावा यासाठी महापालिकेकडे जरूर भांडा. फक्त वाफ्याच्या खडीत आणि मुळांत अडकलेल्या धातूची पुढे काय व्यवस्था, ते प्रस्तावातच लिहून घ्या.

वाळा लावा, पण मुळं विकू नका. वाळा शिसं मुळांत साठवतो, आणि आपल्याला हवी असतात ती नेमकी मुळंच. ती ताटी मे महिन्यात दिवसभर ओली राहणार, तिच्यातून आलेला वारा घरभर फिरणार. कुणी त्याच मुळांची पुरचुंडी माठात टाकेल, कुणी सरबत करेल. नाल्याकाठचा वाळा जमिनीतच राहू द्यावा, त्याचं काम तिथेच आहे. खर्चासाठी दुसरी वाट शोधू. शेतातल्या स्वच्छ जमिनीवरचा वाळा वेगळा लावलात तर त्याच्या ताट्या खुशाल विका. हाच नियम अझोलालाही. नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला अझोला गाई-कोंबड्यांना घालू नका.

प्रश्न: आमची मच्छीमार सोसायटी आहे. तलावात रोहू-कटला सोडतो, शिंगाडाही लावतो. ताई, मासे खायचे की नाही ते सरळ सांगा. — ढिवर समाजातील एक वाचक

दादा, सरळ सांगते. ज्या तलावात कारखान्याचा किंवा वस्तीचा नाला उघडा पडतो, तिथला मासा तपासल्याशिवाय रोज खाऊ नये. जिथे फक्त पावसाचं आणि शेताचं पाणी येतं, तिथला मासा निर्धास्त खा.

शिसं आणि कॅडमियम माशाच्या कल्ल्यांत, काळजात, मूत्रपिंडात आणि हाडांत साठतं, मांसात कमी. म्हणून कल्ले, आतडी आणि काळीज काढून टाका, डोक्याचा रस्सा लेकरांना देऊ नका. पारा मात्र मांसातच बसतो, आणि दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशात जास्त. रोहू-कटला वनस्पती आणि बारीक जीव खाणारे, त्यांत तो तुलनेने कमी. थायी मांगूर तर तळाचं काहीही खातो. त्याची शेती देशात २००० सालापासून बंद आहे, तो कुणी आणून दिला तरी सोडू नका. शिंगाडा तळाच्या गाळात मुळं धरतो, पण आपण खातो तो आतला गर. साल जाडी असते आणि गाळ तिलाच लागलेला असतो. दाताने फोडून खायची सवय आपल्या पोरांना आहे, ती सोडवा. आधी घासून धुवा, मग उकडा, मग सोला.

गरोदर बाया आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी मी जास्त कडक आहे. शिशाचं मुलाच्या मेंदूला सुरक्षित म्हणता येईल असं कोणतंही प्रमाण सापडलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका हीच आहे. आणि जाळ्याला शिशाचे वजनी मणी लावता ना? ते दाताने दाबून बसवणं आजच थांबवा. पकड वापरा, काम झाल्यावर हात धुवा. तलावाच्या गाळापेक्षा हे शिसं तुमच्या पोटाच्या कितीतरी जवळ आहे.

प्रश्न: खसाळ्याच्या, म्हणजे कोराडी वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यापासून थोड्या अंतरावर आमचं शेत. पुराच्या वर्षी राख शेतात आली. तिच्यात धातू असतात म्हणतात. आता जमीन कायमची गेली का?

नाही गेली. जुलै २०२२ मध्ये तो राखबंधारा फुटला तेव्हा त्या भागातल्या शेतांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, तुमचा राग मला समजतो. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, शिसं, पारा हे सगळं थोडं थोडं असतं. वर मी काळ्या मातीचं कौतुक केलं, पण इथे एक अडचण आहे. शिसं-कॅडमियम अल्कधर्मी मातीत बांधलं जातं, तर आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम अशा मातीत उलट जास्त मोकळं फिरतं. म्हणून तुमच्या अहवालात आर्सेनिक आणि बोरॉन पाहायला सांगा, आणि विहिरीचं पाणी नक्की तपासा; पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

राखेचा थर वितभर असेल तर खरडून काढून घ्या, नुकसानभरपाईच्या अर्जात त्याचा खर्च मागा. पातळ असेल तर खोल नांगरून शेणखत द्या. नीरीने खापरखेड्याच्या राखेच्या ढिगाऱ्यावर आणि गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर सेंद्रिय खत, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांवरची उपयोगी बुरशी देऊन झाडं उभी केली आहेत. जिथे गवत उगवत नव्हतं तिथे ते झालं, तुमच्या शेताखाली तर काळी माती आहे. तुमच्याकडे धान असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: बांधीत पाणी सतत उभं राहिलं की आर्सेनिक सुटतं, आणि पाणी काढून बांधी कोरडी ठेवली की कॅडमियम सुटतं. अहवालात काय जास्त आहे ते पाहून पाण्याची पाळी ठरवावी लागते. जपानच्या जिन्झू खोऱ्यात खाणीचं कॅडमियम भातात गेलं, हाडं मोडणारा ‘इताई-इताई’ आजार झाला. सरकारने त्याचं कारण १९६८ साली मान्य केलं आणि भातखाचरांची माती बदलण्याचं काम १९७९ ते २०१२ असं चाललं. पण ती शेतं पुन्हा पिकू लागली.

प्रश्न: पाणी उकळून, तुरटी फिरवून धातू जातात का?

उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तेवढे घट्ट होतात. तुरटीने गढूळपणाला चिकटलेला भाग खाली बसतो, विरघळलेल्याचा भरवसा नाही. आरओने बरेच कमी होतात, पण त्याचं वाया जाणारं पाणी मग भाजीच्या कुंडीत घालू नका.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. गणपती-दुर्गा विसर्जनाच्या आधी आणि नंतर तलावाचं पाणी तपासायचा प्रकल्प मुलांना द्यायचा आहे. नमुना कसा घ्यावा?

फार चांगला विषय आहे, बाई. मूर्तीच्या रंगांपैकी पिवळ्या-केशरीत शिशाचं क्रोमेट, काही लाल-पिवळ्यांत कॅडमियम असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण मूर्तिकाराच्या डब्यातला रंग कुठला आहे हे मुलांनी विचारायलाच हवं. तोही प्रकल्पाचा भाग करा.

फक्त पाणी तपासून तुम्हाला फार काही दिसणार नाही, कारण रंग गळून तळाला जातो. पाण्याबरोबर गाळही घ्या. पाण्यासाठी नव्या प्लास्टिकच्या बाटल्या, आधी आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुतलेल्या; हे आणि नमुन्यात नायट्रिक आम्ल घालणं प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच करून घ्या, मुलांच्या हातात आम्ल नको. आम्ल घातलं नाही तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवाल खोटा कमी येतो. गाळ लोखंडी फावड्याने काढू नका, प्लास्टिकचा डाव किंवा पाइप घ्या. विसर्जनाच्या जागेचा एक नमुना, आणि जिथे विसर्जन होत नाही अशा काठाचा दुसरा. दोन्हीकडे आधी एकदा, नंतर लगेच एकदा आणि महिन्याने एकदा. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ, आणि गाळ किती खोलीवरून घेतला ते लिहा. मुलांना हातमोजे द्या, होडीत एकही मूल नको, काठावर पालक सोबत हवेत. अहवाल आला की आकडे मला पाठवा. गाळाची खोली लिहिलेली असेल तर ते पुढच्या अंकात वाचकांना समजावून सांगता येतील.